कच्चे, पक्के आणि दुसरी आवृत्ती

आठवीत मराठीच्या बाई निबंध द्यायच्या, तेव्हा तीन पायऱ्या ठरलेल्या असत. आधी मुद्दे, मग कच्च्या वहीत निबंध, आणि बाईंचे लाल पेन फिरून आले की पक्क्या वहीत सुवाच्य अक्षरात. आपल्यापैकी बहुतेकांनी मधली पायरी कधी मनावर घेतलीच नाही. पक्के म्हणजे कच्च्याचीच नक्कल, फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेली. दहावीला तर तेही संपले. पुस्तकातले निबंध पाठ केले आणि मोकळे झालो. पुढे मी इंजिनिअरिंगला गेले. निबंधाशी आपला संबंध संपला, असे मी इतकी वर्षे समजत होते.

स्मरणिकेच्या समितीने ‘बॅचचा इतिहास’ माझ्यावर सोपवला. मी नोकरीतल्या सवयीप्रमाणे आधी मुद्दे काढले: पाचवीचा पहिला दिवस, सहली, गॅदरिंग, बाई आणि सर, दहावीचा निकाल, आज कोण कुठे आहे. दोन रविवारांत मजकूर तयार झाला. ‘दहावीला बसलेले आपण 54 जण’ असे पहिलेच वाक्य होते. ग्रुपवर टाकला, अंगठे आले, फुले आली. रात्री एका मैत्रिणीचा फोन आला. म्हणाली, “अगं, छान लिहिलंयस. पण मी नववीपर्यंत होते ना तुमच्यात? मग मी तुमच्या बॅचची नाही का?”

मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री मी पाचवीतला वर्गाचा फोटो काढून डोकी मोजली. 61 भरली.

योगायोगाने त्याच आठवड्यात माझ्या हातात एक जाडजूड पुस्तक होते. इतिहास कसा लिहितात ते पाहावे, म्हणून ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून मी वि. ल. भावे यांचे ‘महाराष्ट्र सारस्वत’ आणले होते. आपण डोंबिवलीकर रोज ठाण्यावरून जातो, पण हा माणूस आपल्याला फारसा माहीत नसतो. विनायक लक्ष्मण भावे यांचा जन्म 1871 चा. शिक्षणाने विज्ञानाचे पदवीधर, आणि घरचा व्यवसाय मिठाचा. 1893 साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ठाण्यात हे ग्रंथसंग्रहालय सुरू केले. कल्याणात सार्वजनिक वाचनालय 1864 पासून होतेच; ठाण्याच्या संग्रहालयाने खास मराठी ग्रंथ जमवण्याचे व्रत घेतले.

जमवता जमवता भाव्यांना लिहावेसे वाटले. मराठी वाङ्मयाचा आरंभापासूनचा इतिहास त्यांनी लिहायला घेतला आणि तो 1898-99 च्या सुमारास विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकातून लेखरूपाने छापून आला. भावे तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे होते. एवढ्यावर थांबले असते तरी नाव राहिले असते. पण छापून आलेले आपले लिखाण त्यांनी कच्च्या वहीसारखे वागवले. पुढची वीस वर्षे ते जुन्या पोथ्या शोधत राहिले. 1903 पासून ‘महाराष्ट्र कवि’ नावाचे मासिक काढून त्यांनी जुन्या कवींचे अप्रसिद्ध काव्य छापले. आणि 1919 मध्ये ‘महाराष्ट्र सारस्वत’ची दुसरी, पुष्कळ वाढलेली आवृत्ती आणली. तेव्हा त्यांची चाळिशी उलटून गेली होती. म्हणजे आज आपण आहोत त्याच वयाचे.

वाढ कशाची झाली, हे मला महत्त्वाचे वाटते. एकोणिसाव्या शतकात मराठी वाङ्मयाची सुरुवात सांगायची तर लोक मुकुंदराज आणि ज्ञानेश्वर ही नावे घेत. पण तेराव्या शतकातच चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ लिहिले गेले होते, महदंबेचे ‘धवळे’ रचले गेले होते. हे सगळे मठांमध्ये जपलेले होते, पण सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत. एका अक्षराच्या जागी दुसरेच चिन्ह. किल्ली ठाऊक असेल त्यालाच वाचता येणार. आम्ही संगणकावर पासवर्ड ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. पंथाबाहेरच्या माणसाने पोथी हातात धरली, तरी त्याला बोध होत नसे. राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी ही लिपी उलगडली. मग भाव्यांनी आपल्या इतिहासात महानुभावांना त्यांची जागा दिली.

आता हे काम शुद्धलेखन सुधारण्याचे नव्हे. आधीच्या लेखनातली वाक्ये चूक नव्हती. मुकुंदराज होते, ज्ञानेश्वर होते. पण जे होते आणि दिसत नव्हते, ते आल्यावर आरंभाचा सगळा भागच नव्याने मांडावा लागतो. आपलेच छापलेले लिखाण असे उसवायला धैर्य लागते. भावे 1926 साली गेले, तरी पुस्तकाचे काम थांबले नाही. 1951 च्या आवृत्तीला शं. गो. तुळपुळे यांनी मोठी पुरवणी जोडली, आणि नंतरच्या अभ्यासाची भर तीत आली. एका माणसाचे कच्चे दुसऱ्याने पुढे नेले.

हे वाचल्यावर माझा मजकूर मी पुन्हा उघडला. माझेही एकेक वाक्य खरेच होते. दहावीला आपण 54 जणच बसलो होतो. पण मुद्दे काढतानाच मी निकालाची यादी समोर ठेवली होती, त्यामुळे त्या यादीत नसलेले सात जण पहिल्या ओळीपासूनच बाहेर राहिले. कुणी नववीत नापास झाले, कुणाच्या वडिलांची गिरणी बंद पडल्यावर घर गावी गेले, एकीचे लग्न झाले. शंभर टक्के निकालाच्या पेढ्यांत आपण त्यांचे नावही काढले नव्हते. मीही नाही.

मग सातांपैकी पाच जणांना शोधले. एकाचे टिटवाळ्याला दुकान आहे, तो हसून म्हणाला, “माझी आठवण कशाला काढलीस गं?” आणि नंतर तासभर बोलला. आपल्याला न आठवणाऱ्या सहाव्या इयत्तेच्या गोष्टी त्याला आठवत होत्या, कारण त्याच्यासाठी शाळा म्हणजे तेवढीच वर्षे. सहलीचा आख्खा परिच्छेद त्याच्यामुळे बदलला. फोन करणारी ती मैत्रीण स्नेहसंमेलनाला येणार आहे.

या स्मरणिकेत बॅचचा इतिहास आता ‘पाचवीच्या वर्गात आपण 61 जण होतो’ या वाक्याने सुरू होतो. हे पक्के नाही. दोघांचा पत्ता अजून लागलेला नाही, आणि ‘अ’ तुकडीचे मी फक्त ऐकीव लिहिले आहे. तुम्हाला काही चुकलेले, सुटलेले दिसले तर समासात पेन्सिलीने लिहा आणि मला कळवा. बाईंचे लाल पेन आता आपल्यापाशी नाही. ते काम एकमेकांनीच करायचे आहे.