मुक्कामाचा भार

नागपुराच्या पश्चिमेस विसेक किलोमीटरांवर, काळ्या कसदार जमिनीच्या सपाटीवर वसलेले कळमेश्वर हे कोणत्याही दीर्घ प्रवासाचे अंतिम ठिकाण कधी नव्हते. परंतु काटोल-नरखेडकडे जाणारी, गोंडखैरीवरून अमरावतीच्या हमरस्त्यास मिळणारी आणि धापेवाड्यावरून सावनेरमार्गे सातपुड्याच्या चढणीस लागणारी अशा तीन वाटा ज्या गावी एकत्र येतात, त्या गावास वाटसरूंचे जितके प्रकार ओळखीचे होतात तितके पुष्कळदा मोठ्या शहरासही होत नाहीत. हल्ली थंडीच्या दिवसांत, जोडून सुट्ट्या आल्या की, पहाटेच्या धुक्यातून मोटारसायकलींची लांबच लांब रांग पचमढीच्या दिशेने जाते. या स्वारांच्या मागे महिनाभराची तयारी असते: न्याहारी कोठे, पेट्रोल कोठे, रात्रीचा मुक्काम कोठे, गाडी नादुरुस्त झाली तर मिस्त्री कोण, या साऱ्याची तजवीज आधी करावी लागते. ही तजवीज नव्या काळाची दिसत असली तरी तिची घडण फार जुनी आहे. समूहाने दूरचा प्रवास करणे म्हणजे वाटेवरच्या लोकांवर काही काळ आपला भार टाकणे होय. आणि तो भार कोणी उचलावा, कशाच्या मोबदल्यात उचलावा, या प्रश्नाची काळाकाळाने जी वेगवेगळी उत्तरे मिळाली, त्यांतच मुक्कामाच्या व्यवस्थेचा खरा इतिहास आहे.

या प्रांतातले सर्वांत मोठे प्रवासी समूह म्हणजे भोसल्यांच्या फौजा. रघूजी भोसल्यांच्या काळात 1742 पासून भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली स्वाऱ्या बंगालवर जाऊ लागल्या, आणि 1751 मध्ये कटकचा मुलूख भोसल्यांच्या अंमलाखाली आला. शेकडो कोसांच्या या दौडी निव्वळ शौर्यावर पार पडत नसत. फौजेपुढे एक मजल बिनीचे स्वार जात, पाणी आणि सपाट जमीन पाहून गोटाची जागा मुक्रर करीत. डेऱ्यांचा एक जोड, ज्यास पेशखाना म्हणत, आदल्या दिवशीच पुढे रवाना होई, म्हणजे सरदार पोहोचण्यापूर्वी राहुट्या उभ्या असत. पुढे हरावळ, मागे चंदावळ, मध्ये तोफा, बुणगे आणि बाजार, असा तो चालता-बोलता कसबाच असे. आणि त्याचा वेग घोडेस्वार ठरवीत नसत, ओझ्याचे बैल ठरवीत. घोड्यास चंदी आणि बैलास वैरण ही रोजची निकड, आणि ती भागे ती वाटेवरच्या गावांतून: कधी मोल देऊन, कधी उधारीच्या चिठ्ठीवर, आणि पुष्कळदा निव्वळ दरडावणीवर. पुढे पेंढाऱ्यांचा उपद्रव सुरू झाला आणि 1811 मध्ये त्यांनी नागपुराच्या वेशीपर्यंत धुमाकूळ घातला, तेव्हा तर मोठ्या जमावाची धूळ क्षितिजावर दिसली की दाणागोटा घेऊन मातीच्या गढीत शिरावे, हीच खेडुतांची रीत झाली. नागपूर परगण्यात ठिकठिकाणी अशा गढ्यांचे अवशेष आजही आढळतात. मुक्कामाचा भार हुकमाने लादला गेला म्हणजे यजमान पाहुण्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, याची साक्ष त्या ढासळलेल्या बुरुजांइतकी चांगली दुसऱ्या कोणी दिलेली नाही.

फौजेच्या पोटाची व्यवस्था ज्यांच्या हाती होती त्या बंजाऱ्यांचे तांडे मात्र याहून निराळ्या पायावर उभे होते. हजारो लदाऊ बैल, पुढे घुंगुरमाळांनी आणि कवड्यांनी सजवलेला म्होरक्या बैल, तांड्याचा नाईक, आणि दिवसाकाठी चार-पाच कोसांची संथ चाल, असा त्यांचा क्रम असे. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाड-नागपूरचा कापूस सिवनी-जबलपूरच्या वाटेने मिर्झापुरापर्यंत बैलांच्या पाठीवरूनच जाई, आणि परतीच्या वाटेवर धान्य, मीठ असा माल येई. बैल रानात चरत, माणसे गोण्यांची भिंत रचून तिच्या आडोशाला निजत. गावाकडून त्यांस लागे ते पाणी आणि थोडे गवत. एवढ्याशा गोष्टीसाठीही त्यांस सनद असल्याची कथा रसेल आणि हिरालाल यांनी 1916 च्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे: मोगल फौजेस दक्षिणेत रसद पोहोचवणाऱ्या भंगी आणि झंगी या नाइकांना, घरातल्या रांजणाचे पाणी व छपराचे गवत घेण्याची मुभा आणि दिवसाला तीन खुनांची माफी, असा ताम्रपट मिळाल्याचे बंजारे सांगत. खुनांची माफी ही दंतकथेची अतिशयोक्ती म्हणून सोडून दिली तरी पाणी आणि गवत यांसाठी बादशाही आज्ञापत्र लागावे, यातच वाटेवरच्या गावाने या दोन गोष्टी सुखासुखी दिल्या नव्हत्या हे उघड होते.

1854 मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि 1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. नव्या सरकारने मुक्कामाला कागदावर आणले. मोठ्या रस्त्यांवर ठराविक अंतरांनी पडावाच्या जागा राखल्या गेल्या, आमराया आणि विहिरी नोंदल्या गेल्या, एतद्देशीय वाटसरूंसाठी सराया आणि साहेबलोकांसाठी डाकबंगले उभे राहिले. डाकबंगल्यात खानसामा असे, दराचा तक्ता भिंतीवर टांगलेला असे, आणि जाताना वहीत नाव, हुद्दा व शेरा लिहून पैसे चुकते करावे लागत. प्रवाशाने यजमानाविषयी लेखी तक्रार करावी ही कल्पना या देशात बहुधा त्या वहीनेच रुजवली. परंतु अंमलदारांच्या दौऱ्यात वहीपेक्षा जुनी वहिवाटच चाले. साहेबाचा तळ पडणार अशी वर्दी कोतवालाने दिली की मालगुजाराने दूध, कोंबडी, लाकूड, गवत आणि मडकी पुरवायची आणि गावच्या महारादी लोकांनी बेगारीत ओझी वाहायची. रसदीचा दर सरकारी असे, तो गावकऱ्यांच्या हाती पडेलच याची शाश्वती नसे. पेशखान्याची जागा दौऱ्याच्या तंबूंनी घेतली, एवढाच फरक त्या गावांना जाणवला असेल. मालगुजारी 1951 मध्ये संपुष्टात आली आणि या व्यवस्थेचा उरलासुरला आधारही तिच्याबरोबर गेला.

हुकमाच्या या परंपरेशेजारीच श्रद्धेची एक परंपरा याच वाटांवर चालत होती. महाशिवरात्रीच्या सुमारास विदर्भातल्या गावोगावचे लोक पचमढीच्या महादेवास निघत. या यात्रेकरूंच्या जथ्यास लोक पोहा म्हणतात. पोहा निघण्यापूर्वी आठ-दहा दिवस गावात लगबग असे. बंड्यांच्या चाकांवर नव्याने धाव बसवली जाई, आसाला वंगण घातले जाई, वर तट्ट्याचे छप्पर बांधले जाई. कडबा, ज्वारीचे पीठ, डाळ, तिखट-मीठ यांची वाटणी बंडीनिहाय ठरे. वाट ठाऊक असलेला जाणता भगत पुढे, आणि त्याच्या शब्दाबाहेर कोणी जायचे नाही हा दंडक. संध्याकाळी नदीकाठी बंड्या सुटल्या की शेणाच्या गोवऱ्यांचा जाळ होई, त्यात कणकेचे रोडगे पुरले जात आणि वर वांग्याची भाजी शिजे. रोडग्याला तवा लागत नाही, पोळपाट लागत नाही, भांडेही लागत नाही. शंभर माणसांचे जेवण एका निखाऱ्यावर होते, आणि गावाकडून मागायचे ते गोवऱ्या आणि पाणी. अन्नाची निवड हीसुद्धा प्रवासाच्या तजविजीचाच भाग असते, हे या पदार्थावरून कळावे.

परंतु श्रद्धेच्या मुक्कामालाही आपला दोष होता, आणि तो पाण्यापाशी उघडा पडला. कॅप्टन फोर्साइथ 1862 मध्ये पचमढीस गेला, तेथे त्याने बायसन लॉज बांधला, आणि 1871 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात महादेवाच्या यात्रेत पटकी शिरल्यावर यात्रेकरूंची कशी दैना उडाली याचे वर्णन केले. डोंगरातल्या मोजक्या झऱ्यांवर हजारोंचा मुक्काम पडला, आणि साथ फुटल्यावर जो तो आल्या वाटेने पळाला तेव्हा रोग त्यांच्याबरोबर खाली खेड्यांत उतरला. ज्या गावांनी जाताना त्यांस पुण्य म्हणून पाणी पाजले, त्याच गावांनी येताना मृत्यू पाहिला. भक्ती कितीही निर्मळ असली तरी झऱ्याची क्षमता तिच्याने वाढत नाही.

समूहाच्या मुक्कामाचा प्रश्न ज्या परंपरेने सर्वांत शहाणपणाने सोडवला ती वारकऱ्यांची. धापेवाडा कळमेश्वर तालुक्यातच आहे. तेथल्या चंद्रभागेच्या काठी विठ्ठलाचे मंदिर आहे, त्याचा लौकिक कोलबास्वामींच्या नावाशी जोडलेला आहे, आणि आषाढी एकादशी आटोपली की पौर्णिमेस पांडुरंग येथे येतो या श्रद्धेने पंचक्रोशीतल्या दिंड्या चिखल तुडवीत येतात. या दिंड्यांनी जी शिस्त उचलली ती आळंदीच्या पालखीची. आणि आळंदीच्या सोहळ्यास आजचे रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे आधी ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या चाकरीत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू आणि नैवेद्य यांची जबाबदारी घेतली. दिंड्यांना क्रमांक मिळाले, काही रथापुढे, काही रथामागे. विसावा कोठे, मुक्काम कोठे, हे गावांना वर्षानुवर्षे आधी ठाऊक झाले. लष्करी गोटाची सारी रचना हैबतबाबांनी उचलली आणि तिच्यातली जबरदस्ती तेवढी गाळून टाकली. वारकरी आपल्या दिंडीत भिशी भरतो, म्हणजे त्याचे जेवण फुकट नसते. गावकरी अन्नदान करतो ते आपखुशीने. आणि संध्याकाळच्या समाजआरतीस चोपदाराने चोप उंचावून आरोळी दिली की एका क्षणात टाळमृदंग थांबतात, हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दिंडीची कोणाची तक्रार असेल तर ती सर्वांसमक्ष मांडली जाते, आणि उद्याच्या प्रस्थानाची वेळ जाहीर होते.

फटफटी या वाटांवर आली ती प्रथम एकट्यादुकट्याची. 1955 मध्ये मद्रासेस एन्फील्ड बुलेटची जुळणी सुरू झाली, साठीच्या आरंभी म्हैसुरास जावा निघाली, एस्कॉर्ट्सची राजदूत खेड्यापाड्यांत शिरली. डॉक्टर, कंत्राटदार, दूधवाला यांच्या कामाचे ते वाहन होते. फटफटीवर बसून टोळीने दूर जावे ही हौस पुढच्या पिढीची. रॉयल एन्फील्ड कंपनीने 2004 मध्ये हिमालयाची सामुदायिक सफर सुरू केल्यानंतर लडाख हे या हौशी मंडळींचे पंढरपूर होऊन बसले, आणि नागपूर-कळमेश्वरच्या तरुणांनी सरावासाठी पचमढीची जुनी वाट धरली. धापेवाडा, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली आणि शेवटी घाट, असा हा एका दिवसाचा पल्ला आहे. त्याची तजवीज पाहिली तर पूर्वजांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सर्वांत पुढे वाट ठाऊक असलेला, सर्वांत मागे हत्यारे, जादा ट्यूब, क्लच केबल आणि हवेचा पंप बाळगणारा. प्रत्येकाने आपल्या मागच्याचा दिवा आरशात दिसतो की नाही ते पाहायचे, आणि वळणावर मागचा दिसेपर्यंत पुढे सरकायचे नाही. बुलेटची टाकी तेरा-चौदा लिटरांची असली तरी मंडळीतल्या सर्वांत लहान टाकीचा हिशेब सर्वांना लागू करावा लागतो, कारण जुन्या लष्कराप्रमाणे याही ताफ्याची चाल सर्वांत दुबळ्या वाहनाच्या बेताने ठरते. खोल्या आधी राखाव्या लागतात, स्त्रिया असतील तर त्यांची निराळी सोय पाहावी लागते, गाड्या आवारात उभ्या राहतील याची खातरजमा करावी लागते, आणि जंगलातला रस्ता दिवस मावळण्यापूर्वी ओलांडावा लागतो. महाशिवरात्रीस, किंवा नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची यात्रा भरते तेव्हा, पचमढीत ऐन वेळी खोली मिळणे दुरापास्त होते. त्या दिवसांत विदर्भातली सेवामंडळे रानात राहुट्या ठोकून येणाऱ्याजाणाऱ्यास जेवू घालतात, आणि हेल्मेट काखेत धरलेला स्वारही त्याच पंगतीत बसतो.

हुकूम गेला, श्रद्धा एका हंगामापुरती उरली, आणि बाकीच्या वर्षात मुक्कामाचा भार पैशावर पडला. ही प्रगती आहे यात संशय नाही. धाब्याचा मालक बेगारी नाही, लॉजचा कारकून मालगुजाराचा कोतवाल नाही, आणि पंक्चर काढणाऱ्याला त्याची मजुरी हातोहात मिळते. तथापि पैशाच्या व्यवहाराने मनुष्यास एक समज दिली आहे की बिल चुकते झाले म्हणजे हिशेब पुरा झाला. वीस स्वार रात्री दहाला वर्दीवाचून धाब्यावर उतरतात तेव्हा मळलेली कणीक संपते आणि मागच्या पोऱ्याची झोप जाते. पहाटे चारला वीस इंजिने एकदम सुरू होतात तेव्हा ज्यांनी एकही रुपया घेतलेला नाही ती शेजारची घरेही जागी होतात. घाटातल्या झऱ्यापाशी टाकलेल्या बाटल्यांचे मोल कोणत्याच पावतीत नसते. फोर्साइथने पाहिलेला प्रश्न आजही निराळ्या रूपाने तेथेच उभा आहे: ज्याला आपण काही दिले नाही त्याच्याकडूनही आपण काही घेत असतो.

हैबतबाबांच्या रचनेतून घेण्यासारखे आहे ते येथे. आधी वर्दी देणे, आपल्यापुरती भिशी आपण भरणे आणि बाकीचे आपखुशीने मिळेल तेवढेच घेणे, या दोन गोष्टी मोटारसायकलस्वारांनी बहुतांशी साधल्या आहेत. चांगल्या मंडळींचा याबाबतचा बंदोबस्त एखाद्या जुन्या फडनविसालाही मान डोलवायला लावील. तिसरी गोष्ट, म्हणजे दिवसाच्या अखेरीस सर्वांनी गप्प उभे राहून तक्रार ऐकून घेणे, ही अजून त्यांच्या टिपणवहीत शिरलेली नाही. आणि ती शिरेल तेव्हा आपल्या मंडळींच्या गाऱ्हाण्यांबरोबर मुक्कामाच्या गावाचे गाऱ्हाणेही त्यांना ऐकावे लागेल.