तळटीप : राजनांदगावची गाडी

‘गाडीतली ती भेट’ – १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असता एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाचकाचे लक्ष बहुधा या धर्मांतरावरच खिळते. पण शुभवर्तमान ही टिळकांच्या लेखी केवळ पहिली पायरी नव्हती; ते पुढे त्यांच्या काव्याचाच विषय झाले. प्रचारासाठीही त्यांनी वादविवाद मागे टाकून अभंग-कीर्तनाची वाट धरली. ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ मात्र १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले; पुढचे बहुतेक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे.