शोकांतिका आणि गाणारा नट : ‘ला त्राव्हिआता’ व ‘संगीत एकच प्याला’ यांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना

मराठी संगीत नाटकाची ओळख करून देताना त्यास ‘मराठी ऑपेरा’ म्हणण्याचा प्रघात आहे. दोन्ही प्रकारांत नटाला गाता यावे लागते आणि प्रेक्षकही बऱ्याच अंशी गाण्यासाठीच येतो, हे साम्य खरे आहे. तथापि एकोणिसाव्या शतकातील शोकांत इटालियन ऑपेरा जवळजवळ संपूर्णपणे गायिला जातो, तर संगीत नाटकात गद्य संवाद व पदे शेजारी शेजारी नांदतात. सुखांत नाटकात हा फरक फारसा जाणवत नाही. शोकांतिकेत मात्र विनाशाकडे जाणाऱ्या पात्राने गावे काय, आणि गायिल्यास किती, हा प्रश्न कळीचा ठरतो. प्रस्तुत लेखात दोन नाट्यकृतींच्या प्रयोगांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला असून, ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसरात या परंपरेचे कोणते रूप टिकून आहे, याचीही नोंद घेतली आहे.

व्हेनिस, १८५३

ज्युसेप्पे व्हेर्दी याच्या ‘ला त्राव्हिआता’चा पहिला प्रयोग ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसच्या ‘ला फेनिचे’ नाट्यगृहात झाला आणि तो पडला. क्षयाने मरणाऱ्या व्हिओलेत्ताची भूमिका करणारी फान्नी साल्व्हिनी-दोनातेल्ली शरीराने स्थूल होती. तिच्या गळ्याविषयी फारशी तक्रार नव्हती. परंतु हा देह क्षयाने झिजला आहे, हे प्रेक्षकांना पटेना. पुढील वर्षी व्हेनिसमध्येच दुसऱ्या नाट्यगृहात, वेगळ्या गायिकेसह सुधारून सादर केलेला हाच ऑपेरा यशस्वी झाला. शोकांतिकेत आवाजाइतकाच देहही विश्वसनीय असावा लागतो, ही अपेक्षा या घटनेतून दिसते.

योगायोगाने १८५३ हेच वर्ष विष्णुदास भावे यांच्या मंडळीने मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ केल्याचे आणि १६ एप्रिल रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावल्याचे आहे. १८५४ मध्ये हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. मुंबईचे नाटक व खाडीपलीकडचा प्रेक्षक यांच्यातील अंतर कमी होण्याची ही सुरुवात होय.

बडोदे, १९१९

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) व ‘सौभद्र’ (१८८२) यांपासून संगीत नाटकाचा कल मीलनाकडे होता. राम गणेश गडकरी यांनी ‘एकच प्याला’मध्ये ही वाट सोडली. मद्यपानाने सुशिक्षित वकील सुधाकर याचा संसार उद्ध्वस्त होतो. त्याचे मूल जाते, पत्नी सिंधू जाते आणि अखेरीस विष मिसळलेला प्याला तो स्वतः घेतो. गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी निधन झाले. त्यानंतर अवघ्या चार आठवड्यांनी, २० फेब्रुवारी रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोदे येथे नाटकाचा पहिला प्रयोग केला. लेखकाला आपली शोकांतिका रंगभूमीवर पाहता आली नाही.

नाटकातील पदे गडकऱ्यांची नसून विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत, आणि बालगंधर्वांना चाली देण्यात गायिका सुंदराबाई जाधव यांचा वाटा होता. गणपतराव बोडस यांची सुधाकराची भूमिका प्रामुख्याने गद्य होती, तर बालगंधर्वांच्या सिंधूकडे पदे होती. ही वाटणी अर्थपूर्ण आहे. ज्याचा अधःपात होतो तो बोलतो, आणि जी तो सोसते ती गाते. व्हिओलेत्ता अखेरच्या श्वासापर्यंत गाते, कारण तेथे गाणे हीच भाषा आहे. सिंधूचे गाणे हे बोलण्याच्या मध्ये उमटणारे असल्याने त्यास प्रत्येक वेळी प्रसंगाचा आधार लागतो.

सिंधूची भूमिका पुरुष करीत होता, हे प्रेक्षकास ठाऊक होते. तरी ठिगळे लावलेल्या लुगड्यातील सिंधू त्याने स्वीकारली. व्हेनिसच्या प्रेक्षकाने जे नाकारले, त्याहून मोठी विसंगती येथे संकेत म्हणून मान्य झाली. आवाज विश्वास निर्माण करीत असेल तर देहाची उणीव गौण ठरते, असे मराठी रंगभूमीपुरते म्हणावे लागेल.

‘वन्स मोअर’चा प्रश्न

याच शक्तीतून धोकाही उद्भवला. ‘वन्स मोअर’च्या मागणीने पदे लांबत आणि प्रयोग रात्रभर चालत. दारिद्र्यात पिचलेल्या मातेचे पद पुन्हा मागणारा प्रेक्षक त्या क्षणापुरता मातेला विसरून गायकाकडे पाहत असतो. ही अडचण केवळ मराठी नव्हती. आर्तुरो तोस्कानिनी या संगीत-संचालकाने पुनरावृत्तीच्या आग्रहास विरोध केला आणि १९०३ मध्ये याच वादातून मिलानचे ‘ला स्काला’ सोडले. मराठी रंगभूमीवर असा विरोध करू शकेल असा स्वतंत्र संचालक नव्हता. नाटक मंडळीचा मालक व प्रमुख गायक बहुधा एकच असे. ‘एकच प्याला’चा तोल राखला तो सुधाकर व तळीराम यांच्या गद्याने.

ठाणे, कल्याण, डोंबिवली

ठाणे येथील राम गणेश गडकरी रंगायतन १९७८ मध्ये सुरू झाले. कल्याणच्या नाट्यगृहास आचार्य अत्रे यांचे नाव आहे आणि अत्रे गडकऱ्यांना गुरुस्थानी मानीत. म्हणजे या दोन नाट्यगृहांच्या नावांत गुरु-शिष्याची जोडी आहे. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण गायन समाजाच्या ‘देवगंधर्व’ महोत्सवाचे नाव भास्करबुवा बखले यांच्या स्मृतीचे असून, बखले हे बालगंधर्वांचे गुरू होत. ‘मंदारमाला’ (१९६३) गाजविणारे पं. राम मराठे यांचे वास्तव्य ठाण्यात होते व त्यांच्या नावाने तेथे संगीत महोत्सव भरत आला आहे. डोंबिवलीतही स्वतंत्र नाट्यगृह आहे.

मात्र या वारशात गायनाची बाजू अधिक सकस राहिली आहे. नाट्यपदे मैफलीत सुटी गायिली जातात आणि त्यांना दाद मिळते; परंतु तेथे सुधाकर नसतो. ऑपेरातील सुटी गाणीही मैफलीत गायिली जातात, पण तेथे संपूर्ण ऑपेरा बसविणाऱ्या स्थायी संस्था टिकून आहेत. मराठीत पद जगले; त्यास अर्थ देणारा पाच अंकी प्रयोग दुर्मीळ झाला.

निष्कर्ष

संगीत शोकांतिकेत गाणे प्रसंगापासून तुटले की शोक उरत नाही, केवळ माधुर्य उरते. त्यामुळे ‘एकच प्याला’चे जतन म्हणजे केवळ त्याच्या पदांचे जतन नव्हे. न गाणाऱ्या सुधाकरासमोर सिंधू गाते, तेव्हाच ते पद पूर्ण होते. गडकऱ्यांच्या नावाचे रंगायतन असलेल्या नगरीतील नाट्यसंस्था व महाविद्यालयीन नाट्यमंडळे यांनी गायक आणि गद्य नट यांना एकाच तालमीत आणल्यास हा वारसा सगळा हाती येईल.