डब्यामागची गल्ली

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या सोसायटीतून एक सायकल गेली. साधी नव्हे, गिअरवाली, दहावीच्या निकालानंतर पोराला घेऊन दिलेली. रात्रपाळीला वॉचमन मामा होते. ते एकच सांगत होते, "दादा, टाकी भरली म्हणून पंप बंद करायला मागे गेलो होतो, पाच मिनिटं सुद्धा झाली नसतील." कमिटीतल्या दोघांना काही ते पटेना. झोपला असेल, नाहीतर सामील असेल! रविवारच्या मीटिंगमध्ये मामांना काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, मग कॅमेरे कशाला लावलेत? आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. सॉफ्टवेअरवाला म्हटला की त्याला प्रिंटरपासून लिफ्टपर्यंत सगळं येतं, अशी सोसायट्यांमध्ये समजूत असते. :)

रेकॉर्डर तपासला तर आतली हार्ड डिस्क तीन आठवड्यांपूर्वीच मेलेली. टीव्हीवर आठ चौकटींत चालू चित्र झकास दिसत होतं, त्यामुळे कोणाला पत्ताच नाही. पण बिलावर एक ओळ सापडली: गेटवरच्या कॅमेऱ्यात मेमरी कार्ड आहे. म्हणजे त्या रात्रीचं चित्र कॅमेऱ्याच्या पोटात असणार. मात्र कार्ड भरलं की जुनं पुसून नवं लिहिलं जातं, आणि चार दिवस उलटून गेले होते. घाईघाईने लॅपटॉप सोसायटीच्या वायफायला जोडला, रेकॉर्डरच्या यादीतला कॅमेऱ्याचा पत्ता टाकला... ढिम्म. पिंगला उत्तर नाही. कॅमेरा खांबावर समोर दिसतोय आणि नेटवर्कवर मात्र गायब!

असं का होतं हे समजून घ्यायचं तर जरा मागे जायला हवं.

'सीसीटीव्ही'मधला दुसरा 'सी' म्हणजे सर्किट, आणि पहिला म्हणजे ते बंद. कॅमेरा, तार आणि पडदा, बस्स. १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे व्ही-२ रॉकेटचं उड्डाण लांबून, सुरक्षित जागेवरून बघता यावं म्हणून अशी व्यवस्था केली होती. वॉल्टर ब्रूख हा तिचा अभियंता. तिथे रेकॉर्डिंग नव्हतं. जो पडद्यासमोर बसला, त्यानेच काय ते बघायचं.

मला मात्र या इतिहासातली सगळ्यात आवडती व्यक्ती आहे मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी ही नर्स. कामाच्या वेळा आडनिड्या, घरी कधी एकटी, आणि पोलीस यायला वेळ लागायचा. तिने नवऱ्याच्या मदतीने दाराच्या वेगवेगळ्या उंचीवरच्या भोकांतून बघणारा सरकता कॅमेरा, आत पडदा, बोलायला माइक आणि लांबून दार उघडायचं बटण अशी रचना केली. १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६९ मध्ये मिळालं. यातली मुख्य गोष्ट लक्षात घ्या: जिच्या दारात कॅमेरा, तिच्याच हातात पडदा.

पुढे टेप आल्या, मग त्या टेपच्या जागी डिजिटल रेकॉर्डर, म्हणजे डीव्हीआर आला. पण कॅमेरा बिचारा मुकाच राहिला. कोअ‍ॅक्सिअल तारेतून चित्र पाठवायचं, एवढंच त्याला माहीत. त्याला स्वतःचा पत्ता नव्हता, त्यामुळे त्याच्यापर्यंत 'पोचायचं' हा प्रश्नच नव्हता.

पत्ता मिळाला तो आळशीपणामुळे! १९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये लोक जिने चढून कॉफी प्यायला जायचे आणि भांडं रिकामं असायचं. म्हणून त्यांनी भांड्यावर कॅमेरा लावला आणि १२८ बाय १२८ ठिपक्यांचं करडं चित्र आपापल्या संगणकावर आणलं. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि जगभरचे लोक एक कॉफीचं भांडं बघत बसले. २००१ मध्ये तो कॅमेरा बंद केला. १९९६ मध्ये स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीने 'नेटआय २००' हा थेट नेटवर्कला जोडायचा कॅमेरा विकायला काढला. वेग किती? लहान चित्र सेकंदाला एक, मोठं चित्र सतरा सेकंदांना एक. तेवढ्यात चोर घर साफ करून चहा पिऊन जाईल. पण कॅमेरा आता मुका राहिला नव्हता. त्याच्या आत छोटा वेब सर्व्हर होता.

त्याच सुमारास दुसरीकडे भिंती उभ्या राहत होत्या. ३२ बिटांचे इंटरनेट पत्ते जेमतेम ४२९ कोटी, ते पुरणार नाहीत हे दिसत होतं. म्हणून १९९४ मध्ये नॅटची कल्पना मांडली गेली आणि १९९६ मध्ये १९२.१६८ वगैरे खाजगी पत्त्यांचे पट्टे कायम झाले. म्हणजे वाड्याला बाहेरून नंबर एकच, आत बिऱ्हाडं कितीही. आतल्याला बाहेर जाता येतं, बाहेरच्याला आतलं बिऱ्हाड थेट सापडत नाही.

२००३ मध्ये एकाच तारेतून डेटा आणि वीज देणारं 'पॉवर ओव्हर इथरनेट'चं प्रमाण आलं. २००८ मध्ये अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून ऑनव्हिफ सुरू केलं, ते एका कंपनीचा कॅमेरा दुसरीच्या रेकॉर्डरशी बोलावा म्हणून. या सगळ्यातून आजचा एनव्हीआर तयार झाला: मागे वीज देणारी आठ-सोळा भोकं, कॅमेऱ्याची तार खुपसा, चित्र हजर. लावणाऱ्याला नेटवर्कमधलं फारसं काही कळायची गरज उरली नाही.

आणि इथेच माझ्या ढिम्म पिंगचं उत्तर होतं. मागच्या भोकांचं नेटवर्क वेगळं असतं. रेकॉर्डर तिथे स्वतःच पत्ते वाटतो आणि त्याचं एक तोंड आत, एक बाहेर. पण तो काही राउटर नव्हे, इकडचं पाकीट तिकडे टाकत नाही. वाड्याच्या आत आणखी एक बोळ, आणि तोंडाशी पहारेकरी.

आता बऱ्याच जणांना इथे एक मोह होतो, तो म्हणजे राउटरमध्ये पोर्ट उघडून सगळं सरळ बाहेर आणायचं. कृपा करून तसं करू नका. २०१६ मध्ये मिराय नावाच्या किड्याने नेमके असे उघडे कॅमेरे आणि डीव्हीआर गाठले. हत्यार काय, तर कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या! २१ ऑक्टोबर २०१६ला त्या फौजेने डिन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स कित्येकांना काही तास दिसेनात. मग क्लाउडवर ठेवलं की सुरक्षित? मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्काडा कंपनीच्या एका सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड बाहेरच्यांच्या हाती लागला आणि दीड लाखाच्या आसपास कॅमेरे उघडे पडले. त्यात दवाखाने होते, तुरुंगही होते. आपल्या सरकारनेही २०२४ मध्ये कॅमेऱ्यांच्या सुरक्षा-तपासणीचे नियम काढले आणि ते एप्रिल २०२५ पासून लागू झाले. थोडक्यात, ती आतली गल्ली ही नुसती अडचण नव्हे, संरक्षणही आहे.

मग आत जायचं कसं? सरळ मार्ग असा: लॅपटॉपची तार रेकॉर्डरच्या मागच्या एखाद्या रिकाम्या भोकात घाला, लॅपटॉपला कॅमेऱ्यांच्याच पट्ट्यातला, पण कोणी न घेतलेला पत्ता द्या, आणि ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा पत्ता टाका. बहुतेक रेकॉर्डरमध्ये हे चालतं. काही रेकॉर्डर स्वतःच्या वेब पानावरूनही आतल्या कॅमेऱ्याचं पान उघडून देतात. लांबून बघायचंच असेल तर व्हीपीएन. पोर्ट उघडणं नाही.

अध्यक्षांना शेजारी बसवूनच मी तार जोडली. पान आलं... आणि पासवर्ड मागितला. तो कमिटीत कोणालाच माहीत नाही! कॅमेरे लावणारा गावी गेलेला. दोन दिवसांनी फोन लागला. पासवर्ड काय, तर आमच्या सोसायटीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. आमच्या सगळ्यांच्या येण्याजाण्यावर आठ डोळे, आणि त्यांची किल्ली एका परक्या माणसाच्या आठवणीत.

कार्डावर ती रात्र शिल्लक होती. २ वाजून ४० मिनिटांनी मामा टॉर्च घेऊन पंपाकडे जाताना दिसतात. पाठोपाठ हेल्मेट घातलेला एक जण गेटातून आत येतो, सायकल उचलतो आणि जातो. चौथ्या मिनिटाला मामा परत. चोर काही सापडला नाही, सायकलही गेली ती गेलीच. पण मामा अजून आमच्याच गेटवर आहेत.

मीटिंगमध्ये ज्यांना ते पटत नव्हतं, त्यांनी नंतर मामांना काय म्हटलं, विचाराल तर काहीच नाही. असो. नवी डिस्क घातली, पासवर्ड बदलला, तो पाकिटात घालून सोसायटीच्या कपाटात ठेवला. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मागचं रेकॉर्डिंग खरंच होतंय का, हे बघायचं काम मामांनी स्वतःहून मागून घेतलंय.

तुमच्या इमारतीतला पासवर्ड कोणाकडे आहे, या शनिवार-रविवारी विचारून तर बघा.