अभ्रकचूर्ण, भट्टीत सांधलेल्या काचेतील

भट्टीत मऊ करून एकजीव केलेल्या काचेला, म्हणजेच फ्यूज्ड ग्लासला, मोत्याची किंवा धातूची झळाळी आणण्यासाठी अभ्रकाची बारीक भुकटी वापरतात. बाजारातील रंगीत भुकटी निव्वळ अभ्रकाची नसते. बहुधा मस्कोव्हाइट जातीच्या अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर टिटॅनियम डाय-ऑक्साइडचा किंवा लोह ऑक्साइडचा अतिशय पातळ लेप चढवलेला असतो. लेपाच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळताना काही रंग उठून दिसतात व काही मावळतात. या क्रियेला व्यतिकरण म्हणतात. टिटॅनियमचा लेप सुमारे ४० ते ६० नॅनोमीटर जाडीचा असताना भुकटी रुपेरी दिसते आणि जाडी वाढेल तशी तिला सोनेरी, तांबडी, निळी व हिरवी झाक येते. काळ्या काचेवर ही झाक सर्वांत खुलते.

काच पूर्ण एकजीव करण्यासाठी भट्टीचे तापमान साधारणपणे ७९० ते ८१५° से.पर्यंत न्यावे लागते, परंतु तेवढ्या उष्णतेने अभ्रक वितळत नाही, आणि या कामातील बऱ्याच अडचणी या एका गुणधर्मातून उद्भवतात. मऊ झालेल्या काचेला प्रत्यक्ष टेकलेले कण तेवढे तिच्यात रुततात. वरचे मोकळेच राहतात व वस्तू निवल्यावर पाण्याखाली ब्रश फिरवताच धुऊन जातात. त्यामुळे जाड थर दिल्याने चमक वाढत नाही, भुकटी मात्र वाया जाते. पारदर्शक काचेची पूड मिसळल्यास ती वितळून कणांना धरून ठेवते, मात्र झळाळी काहीशी मंदावते. दोन काचांच्या मध्ये भुकटी पसरल्यास ती काचेला काचेशी भिडू देत नाही, हवा कोंडून बुडबुडे उठतात आणि सांधा कच्चा राहतो; म्हणून कडेने स्वच्छ पट्टी मोकळी सोडतात आणि हवा निसटावी यासाठी तापमान ६५०° से.च्या आसपास काही वेळ रोखून धरतात.

साबण व प्रसाधनांसाठीच्या भुकटीत कार्माइन किंवा प्रशियन ब्लू यांसारखी रंगद्रव्ये असली, तर ती भट्टीत टिकत नाहीत, त्यामुळे काचेच्या तुकड्यावर आधी चाचणी घेणे अगत्याचे असते. शिवाय सुमारे ८००° से. व त्यापुढे मस्कोव्हाइटच्या स्फटिकातील हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रूपाने निघून जाऊ लागतात. फ्लुओरोफ्लोगोपाइट या कृत्रिम अभ्रकामध्ये त्यांच्या जागी फ्लुओरीन असल्याने ते अधिक उष्णता सोसते. हा पर्याय आणखी एका कारणाने स्वागतार्ह आहे : झारखंडमधील कोडर्मा–गिरिडीह पट्ट्यात ‘ढिबरा’, म्हणजे टाकाऊ अभ्रक, वेचण्याच्या कामाला लहान मुलेही जुंपली जातात.

कोरडी भुकटी हवेत सहज उडते व दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना अपाय करते. म्हणून ती चाळताना धूळरोधक मुखवटा वापरावा लागतो.