जाते आणि जंतरमंतर

मराठीत ‘जंतरमंतर’ म्हणजे गंडेदोरे, अंगारेधुपारे, थोडक्यात बनवाबनवी. जयपुरात मात्र त्याच नावाची पाटी सवाई जयसिंगाच्या वेधशाळेवर आहे, आणि २०१० पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. हे नाव पडले कसे? गाईड ठरलेले उत्तर देतो: जंतर म्हणजे यंत्र, मंतर म्हणजे गणना. पहिला अर्धा भाग बरोबर. दुसरा मला पटत नाही. यंत्र म्हणजे उपकरण, तशी मांत्रिकाने काढलेली आकृतीही, आणि तिच्या जोडीला मंत्र हवाच. असा जोडशब्द लोकांच्या तोंडी आधीपासून होता. आकडे कोरलेले, कुठेच न पोहोचणारे जिने पाहून लोकांनी तोच इथे चिकटवला असावा.

पण मला खरा रस आहे तो त्यातल्या ‘ज’मध्ये. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘य’चा ‘ज’ करणे ही प्राकृतांची जुनी खोड. महाराष्ट्री प्राकृत आज कुणी बोलत नाही. सातवाहन हालाच्या नावावरची ‘गाथासप्तशती’ वाचायला आपल्यालाही संस्कृत छाया लागते. म्हणजे भाषा मेली म्हणायची. पण तिची ही खोड मराठी घरात दिवसभर वावरते. यात्रेची जत्रा झाली, यवाचे जव झाले, यज्ञोपवीताचे जानवे झाले. बैलांच्या मानेवरचे जू म्हणजे युग. धाकट्या-थोरल्या जावा भांडतात तेव्हा ‘यातृ’ हा शब्दच भांडत असतो, फक्त त्यांना ते ठाऊक नसते.

आणि यंत्राचे काय झाले? ‘यम्’ म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे, त्यावरून यंत्र. जुन्या भाषेत ऊस पिळायचा घाणाही यंत्रच. ‘यंत्रक’ प्राकृतातून ‘जंत’सारख्या रूपाने खाली उतरले, अनुस्वार गळाला आणि मराठीत उरले जाते. उत्तरेत त्याला आजही ‘जाँता’ म्हणतात, तिथे नाकातला उच्चार टिकला. तेव्हा जयपूरचे सम्राट यंत्र आणि आजीचे दगडी जाते ही एकाच शब्दाची दोन लेकरे. एक शिकून दरबारी गेले, एक स्वयंपाकघरात राहिले. तिसरे भावंड म्हणजे जंत्री. हिंदीत ते पंचांग, आपल्याकडे नावांची लांबलचक यादी.

वेधशाळेच्या आत मात्र प्राकृताला प्रवेश नाही. पाट्या वाचत चला: सम्राट यंत्र, नाडीवलय, राशिवलय, दिगंश, कपाली, जयप्रकाश (यात राजाने स्वतःचे नाव बेमालूम बसवले आहे), दक्षिणोत्तर भित्ती. भित्ती म्हणजे आपली भिंतच, पण पाटीवर सोवळ्यात. त्या काळी जयपूरच्या बाजारात ढूंढाडी बोलत, मोगल दरबाराचा कारभार फारसीत चाले, आणि जयसिंगाच्या वेधांवरची कोष्टके, ‘झीज-इ-मुहम्मदशाही’, फारसीतच लिहिली गेली. संस्कृत घरी बोलणारे कोण होते? तरी दगडचुन्याच्या नव्या यंत्रांना नाव द्यायची वेळ आली तेव्हा हात संस्कृतच्याच कोठारात गेला. जी भाषा कुणाच्याच घरची नाही ती सगळ्यांना चालते, आणि तिथला शब्द कुणी वापरून मळवलेला नसतो.

या कोठाराच्या किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या त्यांत आपलीही माणसे होती. जयसिंगाचे गुरू, ‘जयसिंहकल्पद्रुम’कर्ते रत्नाकर पौंडरीक, मूळचे महाराष्ट्रीय; ब्रह्मपुरी भागात पुंडरीकांची हवेली आजही दाखवतात. जयसिंगाचे दरबारी ज्योतिषी जगन्नाथ सम्राट यांचे घराणेही परंपरा महाराष्ट्राचेच सांगते. युक्लिडची भूमिती या जगन्नाथांनी ‘रेखागणित’ म्हणून संस्कृतात आणली, तीही ग्रीकवरून नव्हे, तर नसीरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून. पंधरा अध्याय, ४७८ सिद्धांत. प्रत्येक सिद्धांताला त्यांनी शब्द वापरला ‘शकल’. संस्कृतात शकल म्हणजे तुकडा. पण अरबी भूमितीत ‘शक्ल’ म्हणजे आकृती, आणि आकृतीसह मांडलेला सिद्धांतही. पंडितजींनी अरबी शब्दाला संस्कृत उपरणे पांघरले आणि तो कुणाला परका वाटलाच नाही! मराठीत हे दोन्ही शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत: आरशाची शकले होतात ती संस्कृत, आणि नामी शक्कल लढवतो ती अरबी. जगन्नाथांनी जे केले त्याला शक्कल लढवणे हाच शब्द योग्य.

टॉलेमीच्या खगोलशास्त्रावरील ग्रंथाचे अरबी नाव ‘अल्-मजिस्ती’. त्यात ‘मेगिस्ते’, म्हणजे सर्वात थोर, हे ग्रीक विशेषण लपले आहे. जगन्नाथांच्या लेखणीत त्याची ‘मिजास्ती’ झाली. १७३०च्या सुमारास पोर्तुगालहून ला हायर या फ्रेंच खगोलज्ञाची कोष्टके जयपुरात पोहोचली, ती लॅटिनमध्ये. एका राजाच्या पदरी किती भाषा मरून कामाला होत्या पाहा.

ग्रीक तर आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी मुरलेली. ‘केंद्र’ म्हणजे ग्रीक ‘केंत्रॉन’, टोकदार काटा, ज्यावर कर्कटक फिरते. ‘होरा’ही ग्रीकच. ज्योतिषाबरोबर हे शब्द संस्कृतात शिरले आणि आज केंद्र सरकार, परीक्षा केंद्र, झेरॉक्स केंद्र म्हणताना कुणालाही जुन्या ग्रीसची आठवण होत नाही. वर्षफळ काढणारे ज्योतिषी ‘इत्थशाल’ योग सांगतात, तो अरबी ‘इत्तिसाल’. यजमान संस्कृत समजून मान डोलावतो.

मला खटकते ते एवढेच, की मेलेल्या भाषेचा वारसा म्हटला की आपण फक्त पाटीवरचे शब्द मोजतो. सम्राट यंत्राची सावली सेकंदाला साधारण मिलिमीटरभर सरकते, एका पळात म्हणजे २४ सेकंदांत इंचभर. तिथे गाईड घटी-पळे समजावतो तेव्हा आपण थक्क होतो, आणि घरी परतल्यावर ‘घटकाभर टेकतो’, ‘पळभर थांब’ म्हणताना तेच माप वापरतो. घटका २४ मिनिटांची हे फक्त विसरलेले असते.

२०११च्या जनगणनेत २४,८२१ लोकांनी संस्कृत ही मातृभाषा म्हणून नोंदवली. महाराष्ट्री प्राकृताला जनगणनेत रकाना नाही. कुणी भरणारही नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आपण पेढे वाटले. त्याच निर्णयात प्राकृतचेही नाव होते. त्या आनंदात तिचाही एक पेढा ठेवायला हवा होता.