बहिष्कार
निवडणूक आली की रस्ता-पाण्यावाचून राहिलेलं एखादं गाव मतदानावर 'बहिष्कार' टाकतं, आणि हा शब्द स्तंभकाराच्या कानी पडतो. संस्कृत 'बहिस्' म्हणजे बाहेर. बहिष्कार म्हणजे मुळात धर्माज्ञा मोडणाऱ्याला बाहेर काढणं. त्याचं पाणी, पंगत, सोयरीक तोडणं.

१८९० साली पुण्याच्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमधल्या चहापानावरून टिळक-रानड्यांवरही ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याची कारवाई, आलं. न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. धर्माचा धाक न्यायमूर्तींनाही चुकला नाही.

आयर्लंडमध्ये १८८० साली कुळांनी जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्याशी व्यवहार तोडले. इंग्रजीला त्याच्या नावाचा शब्द मिळाला. वंगभंगानंतर मराठीने त्या 'बॉयकॉट'साठी आपला जुनाच शब्द पुढे केला. टिळकांच्या चतुःसूत्रीत तो स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाशेजारी आला. सोसायचा शब्द आता उगारायचा झाला.

शब्दाच्या इतिहासातलं सर्वांत धीट पान मात्र आंबेडकरांचं. १९२४ साली 'बहिष्कृत हितकारिणी सभा', १९२७ साली 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक: धर्माच्या नावाने पाणवठ्यापासून दूर ठेवलेल्यांनी तेच नाव ताठ मानेने लावलं. त्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं.

जुना अर्थ अजून जिवंत आहे, हे संतापजनक आहे. जातपंचायती कुटुंबांना वाळीत टाकत राहिल्या, म्हणून महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बोलताना 'वाळीत टाकलं' म्हणतात; कायद्याच्या कागदावर 'सामाजिक बहिष्कार' असतो.